पेशंटची भाकरी

गुंगीच्या इंजेक्शनानंतर डॉक्टर माझ्याशी काय बोलले, ते मला आजही आठवत नाही. बोलले एवढं खरं. त्यांचा चष्मा दिसत होता, हात हलत होते, मी मान डोलवत होतो आणि उलट काहीतरी विचारतही होतो. पण काय विचारलं, काय सांगितलं, काय की! 'भाकरी' हा एक शब्द तेवढा डोक्यात राहिला. खा म्हणाले की खाऊ नका म्हणाले, त्याचा काही पत्ता नाही.

आणि त्या एका शब्दावरून आमच्या घरात सहा महिने तमाशा चालला.

माझं सिरसाळ्याला खत-बियाणांचं दुकान आहे. दिवसभर लोक येतात, कापसाचं पान लाल पडलंय, हरभरा मरायलाय, काय टाकू म्हणतात, आणि मी सांगतो. किती लिटर पाण्यात किती औषध, हे मला झोपेतून उठवून विचारा. पण स्वतःच्या पोटात काय टाकायचं हे ठरवायची वेळ आली, तर माझी मती गुंग झाली.

आधी दवाखान्यात का गेलो ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझा थोरला भाऊ गेला. त्याला आम्ही दादा म्हणायचो. त्याला संडासातून रक्त पडत होतं, पण तो मूळव्याध म्हणून बसला. बाजाराच्या दिवशी कुणाकडून तरी पुड्या आणायचा, दह्यातून घ्यायचा आणि शेतात जायचा. विचारलं की म्हणायचा, "गप बे, उष्णता हाय." आतड्याचा कॅन्सर आहे हे कळलं तोवर तो लिव्हरपर्यंत गेला होता. ऑपरेशन झालं, सलाईनी झाल्या आणि शेवटी तो घरी पडून राहिला. त्यामुळं गेल्या वर्षी मला तसंच रक्त दिसलं, तेव्हा मी पार घाबरलो. मी काही शूर माणूस नाही. बायकोला हाक मारली आणि म्हणालो, "माझाबी नंबर लागला."

"तोंड बंद करा," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनंच मला लातूरला पोटाच्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टर चांगला माणूस. म्हणाले, सख्ख्या भावाला झालं होतं, तर दुर्बीण घालून बघूच. तपासणीआधी कंपाउंडरनं आम्हा दोघांना समोर बसवून नियम सांगितले. तीन दिवस भाकरी बंद, पालेभाजी बंद, डाळ, शेंगदाणे, तीळ, जवस, काकडी सगळं बंद. पांढरा भात खायचा. शेवटच्या दिवशी नुसतं पाणी आणि बिनदुधाचा चहा. आतडं धुतल्यासारखं लख्ख पाहिजे, नाहीतर दुर्बिणीला काही दिसत नाही. बायकोनं ते सगळं पाठ केलं. तिला एकदा पाठ झालं की झालं, मग विसरत नाही.

पोट साफ करायचं ते पाणी प्यायलो तो दिवस मी वर्णन करून सांगणार नाही. ज्यांनी प्यायलंय त्यांना ठाऊक आहे.

आतड्यात गाठी निघाल्या. पॉलिप म्हणतात. आतल्या बाजूला फुटलेले कोंब. डॉक्टरांनी बायकोला तपासणीआधीच समजावलं होतं, की असले कोंब निघाले तर ते काही कॅन्सर नव्हेत, पण राहू दिले तर वर्षानुवर्षांनी त्यातला एखादा बिघडतो. सापडतील तेवढे दुर्बिणीतूनच काढून टाकले. त्यातला एक मोठा होता, तो तुकड्या-तुकड्यानं काढावा लागला. रिपोर्टात कॅन्सर नाही आला. पण तो कोंब त्याच जागी पुन्हा फुटतो का, ते सहा महिन्यांनी परत बघायचं होतं. फुटला तर मोठं ऑपरेशन, आतड्याचा तुकडा काढायचा. दादाचं झालं तसलंच.

तर जेवणखाणाचं जे काही सांगायचं, ते डॉक्टरांनी मला सांगितलं, खाटेजवळ येऊन, मी गुंगीत असताना. बायको त्या वेळी खाली मेडिकलच्या रांगेत उभी. फाईलमधे सगळं इंग्रजीत, त्यात गाठींची मापं आणि परत यायचा महिना, जेवणाबद्दल अक्षर नाही. म्हणजे घरी परतलो तेव्हा आमच्या दोघांकडं मिळून नियम होते ते फक्त कंपाउंडरचे, तपासणीच्या आधीचे. बायकोनं तेच पुढं चालू ठेवले.

"अगं, ते आतडं साफ करायला व्हतं," मी म्हणालो. "मला डॉक्टर भाकरीचं कायतरी म्हणलेत."

"काय म्हणले?"

"काय की."

"मग? कंपाउंडरनं माज्यासमोर सांगितलंय, भाकरी बंद. तुमी गुंगीत व्हतात. तुमाला काय कळतंय!"

मी पुन्हा फाईल उलटीपालटी करून बघितली.

दवाखान्यात एकदा फोन लावला. कुणी मुलगी होती, म्हणाली, हलकं जेवण घ्या, आणि तेवढ्यात तिला दुसरा फोन आला. हलकं म्हणजे काय? किती दिवस हलकं? पुन्हा लावला असता तर कळलं असतं. पण खरं सांगतो, मी भ्यालो. डॉक्टरनं फोन घ्यावा आणि जेवणाचं सोडून भलतंच काही सांगावं, ही भीती. रिपोर्टाचं ते पुन्हा वाचतील आणि म्हणतील, अरे हे राहिलंच की सांगायचं. म्हणून पुन्हा फोनच केला नाही. सहा महिने.

आमच्याकडं आजारी माणसाला बघायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही. आणि आणतात काय, तर बिस्किटाचे पुडे. नाहीतर टोस्ट, खारी, पाव, फार झालं तर शहाळं. महिन्याभरात आमच्या कपाटात पुड्यांची थप्पी लागली. जो येईल तो खाटेवर बसायचा, उसासा टाकायचा आणि दादाची आठवण काढायचा. "थोरल्याचंबी असंच झालं व्हतं ना?" असं म्हणायचा आणि मला चहात बिस्कीट बुडवून खायला लावायचा. सकाळी बिस्कीट, दुपारी दूध-भात, संध्याकाळी टोस्ट, रात्री मऊ भात. भाकरी मात्र कुणी दिली नाही. पेशंटला भाकरी देत नसतात. माणूस भाकरी खायला लागला म्हणजे तो बरा झाला, असा आमच्याकडचा हिशोब आहे. तोवर तो पेशंट.

आणि सल्ले! दुकानात खताचं पोतं घ्यायला आलेला माणूस पोतं तसंच ठेवून मला औषध सांगायचा. एक म्हणाला, कोरफडीचा रस घ्या, गाठी विरघळतात. दुसरा म्हणाला, कोरफड बिलकुल नको, आतडं सोलून निघतं. तिसऱ्यानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, त्यात एक बाई म्हणत होती, दूध विष आहे. चौथ्याच्या मते दूधच अमृत. एकानं लसूण सांगितला, एकानं मटणाचं सूप, ताकद येते म्हणून. जवस खा, जवस खाऊ नका, त्याच्या बिया आतड्यात अडकतात. मी सगळ्यांचं ऐकायचो आणि संध्याकाळपर्यंत डोक्याचा भुगा व्हायचा. पिकावर अशी सतरा औषधं एकत्र मारली असती, तर मीच त्या शेतकऱ्याला शिव्या घातल्या असत्या.

व्हायचं ते झालं. पोट दगड झालं. चार-चार दिवस साफ होईना. अंगात त्राण नाही, डोकं भणभणलेलं, गिऱ्हाइकावर खेकसायचो. बायको म्हणायची, आजारच तसला हाय. मला वाटायचं, खरंच आजारच वाढतोय. तो कोंब फुटला असणार. रात्रभर पोटावर हात ठेवून चाचपायचो. आतला कोंब बाहेरून हाताला लागतो काय? पण चाचपायचो.

मग बिटाचा प्रकार झाला. रक्त गेलंय, भरून निघायला बिटाचा रस द्या, असं कुणीतरी बायकोला सांगितलं. तिनं भला मोठा पेला भरून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी संडासात लालभडक.  तिथूनच ओरडलो, "आलं गं, परत आलं!" बायको धावत आली, दार वाजवायला लागली. मी दार उघडीना. आत बसून मी रडत होतो, खोटं कशाला बोलू. दादा, तुझ्या मागं निघालो, असं मोठ्यानं म्हणत होतो. शेवटी शेजारच्या घरातून वहिनी आली. वहिनी म्हणजे दादाची बायको. ती दाराबाहेरून शांतपणे म्हणाली, "भावजी, काल बीट घेतलंत व्हय? माज्या भावाच्या पोराचंबी असंच झालतं. भायेर या."

बाहेर आलो. बायको पदर तोंडाला लावून हसत होती आणि डोळेही पुसत होती. मला इतका राग आला, की उरलेली बिटं मी गाईपुढं टाकली.

वहिनीबद्दल सांगायला पाहिजे. दादा गेल्यापासून ती भाकरी थापत नव्हती. चपात्या करायची, भात करायची. विचारलं की म्हणायची, पीठ जुनं झालंय, विरी गेली, चिकटपणा राहिला नाही, भाकरी थापताना तुटते. इतके महिने एकच पीठ जुनं कसं राहील? पण आम्ही कुणी पुढं विचारलं नाही, कारण आम्हाला कारण ठाऊक होतं. शेवटच्या दिवसांत दादा भाकरी मागायचा. दुसरं काही नाही, गरम भाकरी. त्याला वाटायचं, भाकरी दिली म्हणजे आपण बरे झालो. आणि ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरनं पातळच द्यायला सांगितलं होतं, म्हणून वहिनी त्याला पेज पाजायची. एक दिवस तिनं मला अंगणात गाठलं आणि म्हणाली, "भावजी, लई मागायलेत. देऊ का भाकरी? तुमी डॉक्टरला इचारून सांगा." मी म्हणालो, इचारून सांगतो. गेलोही. दादाचे डॉक्टर दुसऱ्या कुणाच्या ऑपरेशनमधे होते. बाकावर बसून होतो, तेवढ्यात घरून फोन आला, दादा गेला म्हणून.

विचारायचं राहूनच गेलं. त्यावर आमच्या घरात पुन्हा कुणी बोललं नाही.

बिटाच्या त्या सकाळनंतर माझं मन उलटलं. खाऊन मरायचं की न खाता, काय फरक पडतो? त्याच आठवड्यात धर्मापुरीचा एक शेतकरी दुकानात आला. जुनं गिऱ्हाईक. दुपार झाली होती, त्यानं फडकं सोडलं. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, वर कांदा. म्हणाला, "या मालक, खावा की दोन घास." मी नाही म्हणणार होतो. तोंडानं 'नको' म्हणालोही. पण हात पुढं गेला होता. आम्ही खताच्या पोत्यांमागं बसलो. ती भाकरी मी चावून-चावून खाल्ली आणि खाताना मनात म्हणत होतो, झालं, आता आतडं फाटणार.

काही फाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, किती तरी दिवसांनी, पोट साफ झालं.

आता तर गोंधळ दुप्पट. चांगलं झालं की वाईट झालं? बरं वाटतंय म्हणजे बरं आहे, की आत काहीतरी बिघडून हे असं व्हायलंय? तरी मी थांबलो नाही. तो शेतकरी नसला तर दुसरा असायचा. आमच्याकडं पंचाईत नाही, फडक्यात भाकरी बांधून येणारे ढीगभर. मी पन्नाशीतला माणूस, स्वतःच्या दुकानात पोत्यांमागं लपून भाकरी खायचो आणि घरी जाऊन दूध-भातावर पुन्हा हात मारायचो. एकदा ठेच्याचा वास घरापर्यंत गेला.

बायकोनं माझा हात धरला, हुंगला आणि विचारलं, "काय खाल्लंत?"

"बिस्कीट."

"लसणाचं बिस्कीट निघालंय व्हय नवीन?"

मग जे झालं ते झालं. ती भांडली, मीही भांडलो. म्हणालो, मी काय तान्हं बाळ हाय का, बिस्किटावर जगवायलीस मला? ती म्हणाली, मला पांढरं कपाळ घेऊन बसायचं नाही. असं ती पहिल्यांदाच बोलली, आणि बोलून खाली बसली.  आवाज ऐकून वहिनी आली. मला वाटलं, ही तरी माझी बाजू घेईल. तर ती माझ्यावरच तुटून पडली. इतकं चिडलेलं मी तिला कधी बघितलं नव्हतं.

"पेशंटला भाकरी देत नसतेत!" ती म्हणाली. "डॉक्टरला इचारल्याबगर न्हाई द्यायची म्हंजी न्हाई. मी न्हाई दिली. कशापायी न्हाई दिली मग मी?"

 बायकोनं तिला पाणी दिलं. मी शपथ घेतली, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय भाकरीला हात लावणार नाही. आणि शपथ पाळली, हे मुद्दाम सांगतो.

सहा महिने झाले, पुन्हा लातूर. पुन्हा ते पाणी. या खेपेला बायकोला बजावलं होतं, की आभाळ कोसळलं तरी खाटेजवळून हलायचं नाही, डॉक्टर जे बोलतील ते तू ऐकायचं. आत नेताना तिनं माझ्या कपाळाला हात लावला. तिचा हात गार होता. माझ्या मनात त्या वेळी दुसरं काही नव्हतं, फुटला की नाही फुटला, एवढंच.

जाग आली तेव्हा डॉक्टर समोर होते. या वेळी ते थांबले, मी नीट उठून बसेपर्यंत.

"जागा स्वच्छ आहे," ते म्हणाले. "मोठी गाठ काढली तिथं काही नाही. दुसरीकडं एक बारीक होती, काढून टाकली. ऑपरेशनची गरज नाही."

बायकोनं हात जोडले.  मग बायकोनंच विचारलं, "आता जेवायला काय द्यायचं वो, सायब?"

"म्हणजे? मागच्या वेळी सांगितलं की मी. पोट दुखत नसेल तर दोन दिवसांनी नेहमीचं जेवण. भाकरी, डाळी, उसळी, पालेभाज्या, फळं. भरपूर पाणी. मैद्याचं, बेकरीचं कमी करा. तळलेलं कमी, मटण कधीतरी. तंबाखू, दारू नाही. यानं गाठी विरघळत नाहीत हं, कोरफडीनंही नाहीत. पण नवीन होण्याची शक्यता कमी होते. आणि वेळेवर तपासणीला यायचंच."

बायको माझ्याकडं बघेना. सहा महिन्यांचे पुडे तिच्या डोळ्यांसमोर आले असणार.

"सायब," मी म्हणालो, "मागच्या टायमाला गुंगीत मी तुमाला भाकरीचं इचारलं व्हतं का?"

डॉक्टर हसले. "एकदा नाही, तुम्ही माझा हात धरून पुन्हा पुन्हा तेच विचारत होता. स्वतःचं नाही, भावाचं. 'दादा लई मागायलाय, दादाला भाकरी देऊ का?' मी म्हणालो, अहो द्या की, बिनधास्त द्या. तेव्हा कुठं हात सोडलात. कसे आहेत आता भाऊ? त्यांचीही तपासणी करून घ्या."

पहिल्या दिवशी मीच त्यांना दादा गेल्याचं सांगितलं होतं. रोज इतके पेशंट, त्यांच्या तरी काय लक्षात राहणार?  बायकोच म्हणाली, "बरे हायेत." का तसं म्हणाली, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.

 परतताना गाडीत अंबाजोगाईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो आणि मनाशी जुळवत होतो. त्या खाटेवर मी माझ्या जिवाचं काही विचारलं नव्हतं. राहिलेलं विचारून घेतलं होतं. पण विचारून आता उपयोग काय? तरी मला बरं वाटत होतं. कशाचं बरं वाटत होतं, ते काही कळत नव्हतं.

घरी आलो तर वहिनी ओट्यावर वाट बघत बसली होती. बायको म्हणाली, "सगळं चांगलं हाय, जाऊबाई," आणि आत गेली. वहिनीनं माझ्याकडं बघितलं.

"इचारलं का भाकरीचं?"

"इचारलं," मी म्हणालो. "मागंच इचारलं व्हतं, गुंगीत. दादाचंबी इचारलं. 'दादाला भाकरी देऊ का' म्हणून."

"मग?"

"द्या म्हणले. बिनधास्त द्या."

 मला वाटलं, आता वहिनी रडेल, नाहीतर मला बोलेल. इतके दिवस लावलेत व्हय भावजी, म्हणेल. तिनं तसं काही केलं नाही. उठली, हात झटकले आणि आमच्या स्वयंपाकघराकडं तोंड करून बायकोला विचारलं, "पीठ ताजं हाय का गं?"

दोन दिवस थांबायला सांगितलं होतं, दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आमच्या चुलीपुढं बसली आणि भाकरी थापायला लागली. एकही तुटली नाही. पहिली भाकरी चांगली फुगली. ती तिनं कुणाला वाढली नाही, वर मेथीची भाजी ठेवून बाजूला झाकून ठेवली. दुसरी माझ्या ताटात टाकली आणि म्हणाली, "जेवा भावजी, गरम हाय तवर."